मागच्या सीटवरचा कापूर

"व्हय म्हाराजा!"

घोडपदेवच्या वडाच्या कोपऱ्यावर अर्धी चाळ एका सुरात ओरडत होती. बंद पडलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर ताटलीत कापूर पेटवून भगत गुणाजीबुवा गाऱ्हाणं घालत होते. गावचे राखणदार झाले, वेशीवरचे झाले, खाडीपलीकडचेही झाले. एकाही देवाला बुवांनी स्वस्तात सोडलं नाही. अखेर निलेशने चावी फिरवली आणि गाडी चक्क सुरू झाली. बायकांनी हात जोडले.

"पेट्रोलचो वास येता मा?" बुवा म्हणाले. "रामदास गाडीतसून उतरता, म्हणान येता."

रामदास म्हणजे अनुजाचा नवरा. गेल्या वर्षी काविळीने गेला. गाडी त्याचीच, आता धाकटा भाऊ निलेश चालवत होता. संध्याकाळी दादरहून परतताना ती नेमकी या कोपऱ्यावर मान टाकायची. बुवांनी निदान केलं होतं की रामदास बायकोला शोधत येतो. ती चाळीत आहे तोवर तो गाडी सोडणार नाही. अमावस्येआधी तिला गावच्या घरी पाठवा. सासूबाईंनी, राधाबाईंनी, माळ्यावरची बॅग काढूनही ठेवली होती.

परळच्या शाळेतली विज्ञानाची नोकरी सोडून अनुजाने गावी जाऊन बसायचं. का, तर गाडी बंद पडते. तिचं डोकं भणभणलं. पण ओरडाआरडा केला असता तर बुवांनी तोही रामदासच्याच नावावर खपवला असता. तिने निलेशला बाजूला घेऊन विचारलं की हे सुरू कधी झालं. निलेश चाचरला. गाडीला जास्त दम यावा म्हणून त्याने टाकीत मोठ्या जोराचा पेट्रोल पंप बसवून घेतला होता, त्यानंतर. वायर जुनीच ठेवली, टाकीच्या झाकणाखालचं रबरही जुनंच. खर्च कशाला वाढवा? आणि सकाळी मोकळ्या रस्त्याने जाताना गाडी बंद पडत नव्हती, फक्त संध्याकाळच्या गर्दीत पडायची.

"उद्या दादरहून घरी यायचं नाही," अनुजा म्हणाली. "वरळीकडे जायचं. मी बरोबर असेन. कापूर नको, गाऱ्हाणं नको."

दुसऱ्या दिवशी वरळीच्या बीडीडी चाळींपाशी ट्रॅफिकमध्ये रखडत असताना गाडी बंद पडली. वडाचा कोपरा कुठल्या कुठे राहिला. दोघांनी उतरून टपरीवर चहा घेतला, गप्पा मारल्या. मग निलेशने चावी फिरवली आणि गाडी गुमान सुरू झाली.

घरी ही हकिगत ऐकून बुवा डगमगले नाहीत. भूत गाडीबरोबर वरळीला गेलं म्हणाले.

"मग त्याला उतरवलं कोणी?" अनुजाने विचारलं. "आम्ही तर चहा पीत होतो."

बुवांना एकाएकी घरचं काम आठवलं. पण राधाबाईंनी त्यांना हाताला धरून थांबवलं.

निलेशचा मेकॅनिक दोस्त मितेश आला. त्याने गाडी मोकळ्या हवेत लावली, बॅटरीची वायर काढली, चारी दारं उघडली आणि मगच मागची सीट उचलली. खाली टाकीचं झाकण. त्यावरचा प्लग वितळून काळा पडला होता. मोठ्या पंपाला करंट जास्त लागतो. गर्दीत रखडत वडापर्यंत येईतो बारीक वायर तापते, पंप मंदावतो, गाडी बंद. थंड झाली की पुन्हा चालू. गाऱ्हाणं तेवढं लांब चालायचं, एवढाच त्यातला चमत्कार. चिरलेल्या रबराभोवती पेट्रोल पाझरलं होतं.

"याच्यावर कापूर लावला होता?" मितेशने विचारलं. "भाई, सगळे गेले असते." आता जाड वायर, फ्यूज, रिले आणि नवं रबर घातल्याशिवाय बॅटरी जोडणार नाही, असं त्याने निलेशला बजावलं.

राधाबाई सीटवरच्या जळक्या डागाकडे बघत राहिल्या. मग बुवांकडे वळल्या.

"माझो दुसरो झील, ह्यो निलेशय, गेलो असतो. आणि तू नाव पयल्याचा लावलं असतंस."

अनुजाला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. "आई, ते कधी कुणाच्या वाटेत आडवे आले नाहीत," ती म्हणाली. "मेल्यावर कशाला येतील?" त्या रात्री राधाबाईंनी बॅग परत माळ्यावर टाकली.

माणूस गेला की तो बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या नावाने कोणीही बोलतं. निदान आपण तरी बोलणाऱ्याला पुरावा मागावा. मागितला नाही, तर बळी जातो तो घरातल्या जिवंत माणसाचा.