बिनसेलाचा रेडिओ

खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी जेमतेम हळू झाली आणि समोरचा दांडा आपोआप वर गेला. पुढच्या सीटवर माझी थोरली जाऊ मोतीबाई होती. पुढची सीट तिचीच असते, मी मागे. काचेला चिकटवलेल्या पट्टीकडे बोट करून तिने गाडी चालवणाऱ्या नातवाला विचारलं, "गजा, ह्याला सेल कुठं हाय रं?"

गजा म्हणाला, सेल नाहीच. नाक्यावरचं यंत्र लहर सोडतं. पट्टीतली पातळ तार ती पकडते, तेवढ्याच जोरावर आतली बारीक टिकली जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. त्या नंबरावरून टोल कापला जातो.

मला साठ वर्षांपूर्वीचं आमचं गाव, कडाव आठवलं.

गावात वीज अजून यायची होती. थोरल्या दिरांनी मोतीबाईला सेलवर चालणारा रेडिओ आणला होता. तो तिच्या खोलीत फळीवर असे, वर विणलेला रुमाल. गाणं रंगात आलं की ती खटका बंद करायची. सेल उतरतो, म्हणायची. भिंतीअलीकडे भात पाखडताना मला ते अर्धं गाणं दिवसभर टोचत राहायचं. माहेरची तांब्याची कळशीसुद्धा त्या रुमालापुढे फिकी वाटायची.

माझ्या मालकांच्या ते ध्यानात आलं असावं. कर्जत स्टेशनात तारेच्या कामाला असलेल्या मित्राकडून शिकून त्यांनी एका लाकडी खोक्यात रेडिओ जुळवला. एक लांब तार आंब्यावर, दुसरी न्हाणीजवळच्या ओल्या मातीत. मध्ये खनिजाचा एक चकाकता खडा, त्याला टेकणारी सुई आणि कानाला लावायची डबी. सेल नाही. ऐकणारं माणूस एकच, आणि ते मी.

मी मुद्दाम पडवीत, मोतीबाईला दिसेल अशी बसायचे. गाणं संपलं तरी मान डोलवत राहायचे.

त्याच सुमारास तिचे सेल लवकर उतरले. ती तडक पडवीत आली.

"ह्याला सेल नाय, मग ह्यो खातो कोनाचं? माज्या रेडिओचंच वडतो. तार काढा ती."

सासूबाईंनाही ते पटलं. मुंबईच्या केंद्रातून लहर येते, तिच्यातल्या जोरावरच डबीतला पडदा हलतो, असं मालकांनी दोनदा सांगितलं. कोणी मानेना. मी तिच्या रेडिओतलं पिते आहे, ही कल्पना मला फार आवडली होती. पण तार उतरली असती, तर त्या घरात माझं म्हणून काही उरलं नसतं.

शेवटी मालक म्हणाले, "वैनी, तुमचे सेल काढून पदरात बांधा. मग हे कानाला लावा."

तिने सेल पदराच्या गाठीत बांधले आणि डबी कानाला लावली. आधी कपाळाला आठी होती, मग ती गेली. सासूबाईंनी विचारलं, तार उतरवायची का? मोतीबाईने नुसता हात हलवून नको म्हटलं.

मी हात पुढे करून उभी राहिले. गाणं संपलं, दुसरं लागलं. तिने डबी दिली नाही. त्या दिवसापासून ती रोज दुपारी पडवीत येऊन बसू लागली, आणि इथे तर उतरायला सेलही नव्हते.

टोलनाका मागे पडल्यावर मोतीबाईने मान वळवली.

"शकू, आपल्या खोक्यासारखंच की गं हे."

आपल्या, म्हणाली. खोकं माझं होतं.