लारूमेदचे बलक

त्या फेब्रुवारीत शातो लारूमेद या द्राक्षमळ्याच्या कोठारात अठराशे अंडी येऊन पडली, आणि त्यांतलं एकही कुणी फोडेना.

जिरोंद खाडीच्या काठावर उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. पिंपातल्या वाइनचा गाळ खाली बसवायचा तर हाच वारा हवा. समुद्राकडून ओलसर हवा आली की गाळ पुन्हा वर येतो, आणि मग बसा बोंबलत. एका पिंपाला सहा अंड्यांचं पांढरं, चिमूटभर मीठ, काठीने घुसळण. तेवढ्यावर लारूमेदची वाइन अशी नितळायची, की पेल्यातून पाहिलं तर समोरच्या नवऱ्याचं खोटंही स्वच्छ दिसावं.

अंडी फोडणाऱ्या बाया दहा. त्यांची म्होरकी झेली कास्तें, वय पासष्ट. ती बलक असा अलगद उचलायची की अंडं घातलेल्या कोंबडीलाही कळू नये. बलक बायकांचे, हीच मजुरी. त्यात रम आणि व्हॅनिला घालून त्या बाहेरून काळे, आतून लुसलुशीत केक भाजायच्या आणि अख्खं गाव बोटं चाटायचं.

यंदा मात्र पॅरिसहून नवा कारभारी आला होता, क्विंतार नावाचा. त्याने बलक बोर्दोच्या एका मिठाईवाल्याला विकायचे ठरवून टाकले.

"अंडी मळ्याची, म्हणजे बलकही मळ्याचे," तो म्हणाला. "तुम्हाला दिवसाचा रोज मिळेल."

"रोज आम्ही द्राक्षं तोडायचा घेतो, साहेब," झेलीची धाकटी जाऊ नोएमी म्हणाली. "अंडी बलकावर फोडतो."

"झेलीबाई, यांना जरा समजवा."

"तुम्हालाच समजावते की," झेली म्हणाली. "अठराशे पंचावन्नला दलाल मळ्यांच्या दर्जाची यादी करत होते. आमची वाइन ताकासारखी गढूळ, आणि मालक असा चिक्कू की अंडी आणेना. मग माझ्या पणजीने गावातल्या कोंबड्या गोळा करून त्यांच्यापुढे भाषण केलं. प्रत्येकीने दोन-दोन घातली! शेजारच्या गावची बदकंसुद्धा लाजून मदतीला आली. वाइन नितळली, निवडक मळ्यांच्या यादीत चौथा दर्जा मिळाला. मालक म्हणाला, या कोठारातले बलक यापुढे बायकांचे."

"याला काही कागद?"

"दारावर सोनेरी अक्षरांत चौथा दर्जा लिहिलाय ना, तोच कागद. तो पुसा, मग बलक मागा."

क्विंतारचे कान लाल झाले. त्याने कोट काढला. "मीच फोडतो!"

"फोडा. फक्त पांढऱ्यात पिवळ्याचा धागाही चालत नाही."

पहिलं अंडं त्याच्या बाहीवर गेलं, दुसरं बुटावर. चाळिसाव्यापर्यंत तीन धड निघाली होती आणि त्याच्या मिशीला बलकाचं तोरण लागलं होतं. बाया पिंपांवर बसून पाय हलवत होत्या.

झेलीला हसू येत नव्हतं. दारातून येणाऱ्या झुळुकीला चिखलाचा वास यायला लागला होता. वारा फिरत होता. पिंपांतली वाइन तिने स्वतः तोडलेल्या द्राक्षांची. तिचे हात शिवशिवत होते. तिने ते एप्रनखाली घट्ट धरले आणि जागची हलली नाही.

वास क्विंतारलाही आला. हातातलं अंडं त्याने टोपलीत ठेवलं.

"बरं, न्या बलक. यंदा देतो तुम्हाला."

बाया उठल्या. झेलीने हात आडवा धरला.

"कोण देतंय?"

"मी."

"जे तुमचं नाही ते देताय कसे? आज देणारा पुढल्या वर्षी नाही म्हणेल. बलक बायकांचे आहेत, असं म्हणा."

"त्यात काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर म्हणायला काय जातंय?"

बाहेर दाराची फळी पश्चिमेच्या वाऱ्याने आपटली. क्विंतार काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाले हो?" नोएमीने कानाला हात लावला. दोन शेतांपलीकडचं भांडण तिला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं.

"बलक बायकांचे आहेत!" क्विंतार असा ओरडला की तीनशे पिंपं एकदम घुमली.

झेलीने बाह्या सारल्या. दहाही जणी बसल्या आणि कवचांचा पाऊस सुरू झाला. क्विंतार कोट घेऊन निघाला, तशी झेलीने वर न बघता मिठाचं भांडं त्याच्या हातात दिलं.

"कुठे चाललात? वारा थांबायचा नाही. पिंपाला एक चिमूट, आणि शिंकू नका."