होडीच्या पोटातला शेंदूर

होडी अंगणात पालथी घातली होती, चार जुन्या टायरांवर. दुपारी तीनच्या सुमारास ऊन पेरूच्या झाडाआडून सरकून तिच्या तळावर येई, आणि मी खाली शिरून उताणी पडले की सगळं हिरवं होई. फायबरग्लासच्या अंगातून ऊन असं झिरपतं, की आपण नदीच्या तळाशी पडलो आहोत आणि वरून पाणी वाहतं आहे असं वाटावं. आतले काचेचे धागे दिसत, उलटसुलट, शेवाळासारखे. फक्त एका जागी उजेड येत नव्हता. जेवणाच्या ताटाएवढी ती काळी जागा म्हणजे बाबांनी लावून रंगवलेलं ठिगळ.

बाबांना जाऊन चैत्रात वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी नर्मदेच्या मध्यावर दिवा सोडायचा असं आईने ठरवलं होतं, आणि तोही बाबांच्याच होडीतून. ग्वारीघाटावर भाड्याच्या होड्या हव्या तेवढ्या मिळतात, हे मी तिला सांगून पाहिलं.

"भाड्याच्या होडीत मी काहून बसू? ह्यांची दारात पडली असताना?"

"ती गळते, आई."

"मग नीट कर. शिकवलं न तुला त्यांनी?"

शिकवलं होतं. बाबा पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप घ्यायचे. निवृत्त झाल्यावर बरगी धरणावरच्या कुणा क्लबने मोडीत काढलेली ही होडी त्यांनी आणली, आणि मग रोज सकाळी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येणं हेच त्यांचं फिरणं झालं. दीड वर्षापूर्वी लम्हेटाघाटाजवळ ती खडकावर घासली आणि तळाला भोक पडलं. संक्रांतीला त्यांनी ठिगळ लावलं. नर्मदा जयंतीला होडी पाण्यात घातली, तेव्हा अर्ध्या पात्रात घोट्यापर्यंत पाणी आलं. कशीबशी काठाला आणून ते घरी आले आणि म्हणाले, "माझा हात गेला आता." पुन्हा त्यांनी वल्ह्याला हात लावला नाही. दोन महिन्यांनी, दुपारचा चहा प्यायल्यावर, खुर्चीतच गेले.

आई वर्षभर मला फोनवर एकच सांगत होती, "ते ठिगळ निघालं नसतं तर हे नदीवर जात राहिले असते. नदीवर जाणारा माणूस असा बसल्या बसल्या जात नाही." मी पुण्यात फोन कानाला धरून ऐकत असे.

घरी आले त्या पहिल्या दिवशी मी बाबांसारखंच रुपयाचं नाणं घेऊन होडी वाजवत गेले. थर घट्ट असेल तिथे टण् आवाज येतो, सुटला असेल तिथे भद्द. ठिगळ सगळं भद्द वाजलं. कडेखाली पटाशी घातली, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं ते अख्खं हातात आलं.

खाली शेंदूर होता. बाबांनी घासून घासून खोलगट केलेल्या जागेच्या मधोमध स्वस्तिक, चार घरांत चार ठिपके. अजून ओलसर चमकत होतं. बोट लावलं तर तुळतुळीत लागलं, आणि जुन्या तिळाच्या तेलाचा वास आला.

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे काहीही कायमचं बंद करायचं झालं, की त्याआधी आई शेंदूर तेलात कालवून स्वस्तिक काढते. घराचा स्लॅब टाकायच्या आधी सळ्यांखाली काढलं होतं. पाण्याच्या टाकीच्या झाकणाआतही आहे. बाबांनी आतून एक थर देऊन भोक बुजवलं असणार, बाहेरची जागा पुसून ठेवली असणार आणि ते अंघोळीला गेले असणार. "बोटाचं तेलसुद्धा रेझिनला कळतं, मग ते धरत नाही," असं ते मला बजावत. आणि तेवढ्या वेळात आई वाटी घेऊन अंगणात आली असणार, त्यांची होडी सुखरूप राहावी म्हणून. शेंदराचं तिला सांगावंसंही वाटलं नसेल. बाबांनी चष्मा न लावता वर काचधाग्यांची मॅट अंथरली असेल.

"निघालं का ग?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने विचारलं.

"निघालं."

मी ठिगळ पुन्हा जागेवर ठेवून त्यावर हात ठेवला.

"काय चुकलं होतं त्यांचं?"

"ओल राहिली असेल थोडी."

"हे घाई करणारे नव्हते," आई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "खरंच हात गेला असेल मग."

बाबांचा हात गेला नव्हता, हे मला आता माहीत होतं. ते सांगितलं असतं तर ठिगळ कुणामुळे सुटलं हेही सांगावं लागलं असतं. आणि ठिगळ निघालं म्हणून ते गेले, असं मानणारी बाई त्यानंतर या अंगणात कशी राहिली असती, याचा मला विचार करवेना. आई खिडकीतून गेल्यावर मी ठिगळ पुन्हा उचलून बाजूला ठेवलं आणि होडीखाली जाऊन पडले. काळी जागा आता पातळ झाली होती. एका थरातून ऊन येत होतं, आणि हिरव्या उजेडात स्वस्तिकाची उलटी सावली तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी घाटावरचे बर्मन भैया होडी बघायला आले. बाबा त्यांच्याच होड्यांशेजारी आपली बांधत. त्यांनी खोलगट जागेकडे पाहिलं, मग आई कुठे आहे ते पाहिलं. ती मागे कपडे वाळत घालत होती.

"तो बिटिया ने भी देख लिया," ते हळू आवाजात म्हणाले.

"आपको पता था?"

"साहब को पता था. उसी दिन, घाट पे. किनारा उखड़ा था, अंगूठा डाल के देखा. मैंने पूछा, साहब, अंदर लाल-लाल क्या है? हँसने लगे. फिर दबा दिया वापस. बोले, कुछ नहीं, बर्मन, हमारा हाथ बूढ़ा हो गया. और सुन, घर में मत बोलना."

"हँसे?"

"बहुत हँसे. पैर पानी में, जूते हाथ में."

आईने चहा आणि लाडू आणले. बर्मन भैयांनी तिला सांगितलं, की माताजी, बिटिया का हाथ एकदम साहब वाला है. आईने पदराने डोळे पुसले आणि त्यांना दुसरा लाडू वाढला.

त्या दुपारी मी ती जागा पुसली. फडकं एसीटोनमध्ये भिजवायचं, फिरवायचं, टाकून द्यायचं. पहिली फडकी केशरी झाली, मग पिवळट, मग पांढरीच राहिली. तरी आणखी तीनदा पुसलं. कड बाहेरपर्यंत उतरती घासली, कारण उतार जितका लांब तितका नवा थर जुन्याला धरून राहतो. मग मॅट आणि रेझिन, एकावर एक, ब्रशने ठोकत, बुडबुडे काढत. रेझिन घट्ट होताना त्याचं अंग तापतं. मनगट जवळ नेलं तर तापल्या पोराच्या कपाळासारखी ऊब लागत होती.

शेवटचा गुळगुळीत हात तेवढा उरला होता. मी मगात रेझिन घोटत असताना मागून काकणं वाजली. आई वाटी घेऊन उभी होती. एका हातात शेंदूर, दुसऱ्यात तेलाची बुधली.

"थांब ग. बंद करायच्या आधी काढू दे."

मी तिच्या हातातून वाटी घेतली, शेंदूर अजून कोरडा होता. त्यात मगातलं रेझिन ओतलं आणि काडीने ढवळलं. लालभडक झालं.

"अगं, हे काय करून राहिली?"

"यात काढ. आत नाही, शेवटच्या हातावर. दिसेल असं."

"आणि तेल?"

"हेच तेल समज."

"वास तर नेलपॉलिशचा येऊन राहिला." तिने माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. "आता देवाचं काम मोजे घालून करू?"

"ब्रशने कर. दहा मिनिटांत सुकेल, आटप."

"आटप म्हणते मला. बापासारखीच." पण तिने बुधली खाली ठेवली, पदर खोचला आणि ब्रश घेतला. स्वस्तिक काढलं, चार ठिपके दिले. चौथा देताना खोचलेला पदर सुटला आणि ठिपका जरा लांबला. ती पुसायला गेली, तर मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्मन भैयांनी वल्ही मारली. पात्राच्या मध्यावर पाणी इतकं संथ होतं, की दिवा सोडल्यावर तो जावं की राहावं अशा विचारात होडीजवळच फिरत राहिला. आईने वाकून होडीच्या तळावर हात फिरवला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "तुला सांगते, मागच्या वेळी माझा शेंदूर आतच राहिला होता. देवाचं असं झाकू नये. या वेळी वर काढला, म्हणून टिकला बघ."

बर्मन भैयांचं वल्हं क्षणभर थांबलं.

"हो, आई," मी म्हणाले.

दिवा प्रवाहाला लागला होता. आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो.