सरुबाईचं वकीलपत्र

ओगले वकिलांनी वकीलपत्र पुढे सरकवलं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅडही उघडून ठेवलं. सरुबाईनं पॅडकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचं पेन उचलून तिनं एकेक अक्षर कोरत सही केली.

"सही कधी शिकलात?"

"तुमच्याच केसमंदी. कोर्टाच्या बाकड्यावर बसून दुसरं काय करायचं?"

यावर हसावं की नाही, ते ओगल्यांना कळेना. ती केस म्हणजे सरुबाईनं सख्ख्या भावावर, जयसिंगवर लावलेला दावा. वडिलांच्या जमिनीत तिला वाटा हवा होता. जमीन खडकवासल्याच्या रस्त्याला होती आणि शहर तिकडेच सरकत होतं. जयसिंगची बाजू लंगडी होती, पण लंगड्या बाजूचेच लोक नारायण पेठेतला ओगल्यांचा जिना चढत. प्रतिवादीचा वकील म्हणून त्यांचं नाव होतं, ते जिंकण्यासाठी कमी आणि लांबवण्यासाठी जास्त. आज कैफियत तयार नाही, उद्या कागद सापडत नाहीत, परवा अशील आजारी. सरुबाई दर तारखेला भाकरी बांधून यायची आणि पुढची तारीख घेऊन जायची. मधल्या काळात तिचा नवरा गेला, तिचा वकीलही गेला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि शेवटी थकलेल्या बाईनं त्यातल्या एका खोलीवर तडजोड केली. त्या संध्याकाळी ओगल्यांनी ऑफिसात आंबाबर्फी वाटली होती.

आता तीच खोली वादात होती. सरुबाईनं ती संपतला, आपल्या मुलाला, बक्षीसपत्रानं देऊन टाकली होती. मरेपर्यंत सांभाळीन, असं तो तोंडानं म्हणाला होता, कागदावर ते कुणी घातलं नव्हतं. संपतला खोली विकायची होती. आई हलत नव्हती, म्हणून त्यानं तिच्यावर दावा ठोकला होता.

"स्पष्टच सांगतो, बाई. बक्षीसपत्र नोंदवलेलं आहे. निकाल तुमच्या बाजूनं लागणं कठीण."

"जितायचंय कुणाला? मी हाय तवर निकाल लागू ने, येवढंच बघा. मागं लागू दिला न्हवता, तसंच."

टोमणा असता तर ओगल्यांनी तो सहज परतवला असता, त्यांचा जन्म पेठेत गेला होता. पण बाई मनापासून बोलत होती. गुण येतो म्हणून एखाद्या डॉक्टरकडे जावं, तशी ती त्यांच्याकडे आली होती. ओगल्यांना लाज वाटली. फीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पहिल्या काही तारखा त्यांनी सवयीनं काढल्या. त्या काळात मात्र त्यांनी वर्षानुवर्षं न केलेली गोष्ट केली. केस तयार केली. आईला फसवून लिहून घेतलेलं बक्षीसपत्र रद्द झाल्याचे निवाडे हुडकले, सरुबाईला समोर बसवून सगळी हकिगत पुन्हापुन्हा विचारली. साक्षीला दुसरं कुणी नव्हतं, पण ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसे. ही केस लांबवायची गरजच नाही, ही जिंकता येईल, असं त्यांना वाटू लागलं. या वयात एखाद्या केसची वाट बघत सकाळी लवकर जाग येते, याची त्यांना गंमत वाटत होती.

साक्षीच्या दिवशी सकाळी सरुबाईची शेजारीण निरोप घेऊन आली. म्हातारीला न्युमोनिया झाला होता आणि सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. ओगले स्वतः तिकडे गेले. नाकाला नळी लावून पडलेल्या सरुबाईला त्यांनी पाहिलं, डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं आणि तसेच शिवाजीनगरला कोर्टात आले.

न्यायाधीश तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. ओगल्यांची कीर्ती त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं.

"ओगले वकील, तुमच्या अशिलांची प्रकृती नेमकी साक्षीच्या दिवशीच कशी बिघडते?"

मागच्या बाकांवरचे वकील हसले.

"साहेब, या वेळी खरंच आजारी आहेत. मी बघून आलोय."

"या वेळी. बरं."

न्यायाधीशांनी मुदत नाकारली आणि प्रतिवादीचा पुरावा बंद केला. ओगल्यांनी पुन्हा अर्ज दिला, डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र जोडलं, उभं राहून विनवलं. ज्या माणसाच्या खोट्या तारखांवर कुणी कधी हरकत घेतली नव्हती, त्याची एकुलती एक खरी तारीख मिळाली नाही. साक्षीशिवाय निवाड्यांची चळत नुसती रद्दी होती. संपतचा दावा मंजूर झाला. खोली खाली करायची होती.

निकालाला सरुबाई आली होती. दुखण्यानं निम्मी झाली होती. व्हरांड्यात ओगल्यांनी तिला गाठलं.

"अपील करू. स्थगिती आणतो मी, खात्री आहे."

"नगं."

"अहो, पण आपली बाजू खरी आहे."

"दादाची बाजू लंगडी व्हती, तवा माझं केस पांढरं झालं तरी निकाल लागला न्हाई. माझी खरी, तर वरीस सरायच्या आत लागला." तिच्या आवाजात राग नव्हता. "संपत यिऊन भेटला आसंल तुमास्नी."

ओगले गडबडले. "नाही हो, बाई. मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. मी तारीख मागितली, सर्टिफिकेट दिलं, कोर्टानं ऐकलं नाही." आपलं बोलणं त्यांना स्वतःलाच खोटं वाटत होतं. असंच, याच आवाजात, ते उभा जन्म बोलत आले होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आसू द्या. धंदा हाय तुमचा."

कठड्याला धरून ती पायऱ्या उतरली. खाली संपत स्कूटर घेऊन उभा होता. खोली सुटेपर्यंत दोघं एकाच घरात राहत होते, आईला घेऊन जाणं भागच होतं. ती मागे बसली आणि पडू नये म्हणून तिनं त्याच्या खांद्याला धरलं. किक मारण्याआधी संपतनं वर पाहिलं. कठड्याशी ओगले दिसले. एवढे मोठे वकील, शिवाय वयानं वडील, म्हणून त्यानं दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला.

सरुबाईनं तो नमस्कार पाहिला. मग वर ओगल्यांकडे पाहिलं, आणि मान वळवली.