नऊ नंबरचे बूट

दशरथ परब गेले, पण त्यांचे बूट राहिले. माणूस शेवटच्या प्रवासाला अनवाणी निघतो ही या एकूण व्यवस्थेतली मोठीच त्रुटी आहे, असं त्यांच्या बायकोला, मालनला, वर्षश्राद्धानंतर वाटायला लागलं होतं. कपडे बोहारणीनं नेले. छत्री गावच्या दिराला गेली. चष्मासुद्धा शोधाशोध करून कुणाच्या तरी डोळ्यांना बसला. बूट मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी, मालक आत जेवायला बसलाय अशा समजुतीनं, एकमेकांना टेकून उभे होते.

काळे, नाडीचे, नऊ नंबरचे. टाचांना लोखंडी नाल ठोकलेली, घोड्याला असते तशीच, फक्त घोड्याच्या मानानं नाजूक. दशरथ मरोळच्या एका कारखान्यात होते आणि चपलाबुटांवर खर्च करणं त्यांना पटत नसे. ‘पायाखाली लोखंड असला की वाट झिजता, बूट नाय,’ असं ते मालवणीत सांगत. उजव्या टाचेची नाल जरा वाकडी होती, त्यामुळे जिन्यावर त्यांचा आवाज वेगळा ओळखू यायचा. टक, टक्चिक. टक, टक्चिक. तो तळाला सुरू झाला की मालन चहाचं आधण ठेवायची. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज थांबायचा. दशरथांनी तंबाखू फार पूर्वी, देवाची शपथ घेऊन सोडली होती, आणि रोज संध्याकाळी त्या वळणावरच्या खिडकीतून ते ती पुन्हा सोडायचे. मग बडीशेप चावून वर यायचे. तेवढ्या वेळात मालन अडीच चमचे साखर घालायची. हा विषय दोघांमध्ये कधी निघाला नाही.

मुलगी सुलक्षणा कांदिवलीहून आली तेव्हा बुटांना अडखळली आणि म्हणाली, “आई, टाकून दे ना कचऱ्यात. कधीपर्यंत ठेवणारेस?”

“तुझ्या बापाचं वजन उचललंय त्यांनी. भेंडीच्या देठांबरोबर टाकू?”

मग देवघरात ठेव, असं सुलक्षणा म्हणाली आणि खरंच ठेवते की काय म्हणून आईकडे बघत राहिली, कारण मालननं खरोखर देवघराकडे नजर टाकली होती.

बुटांची नीट सोय लावायची असं मालननं ठरवलं. कचरा नाही, उकिरडा नाही, रीतसर काहीतरी. बोहारणीला पुन्हा बोलावलं. पँटींवर पातेलं देणाऱ्या त्या बाईनं बूट पायाच्या अंगठ्यानं सरकवून पाहिले आणि यावर चमचासुद्धा सुटणार नाही, असं सांगितलं. शेजारणीनं मग मारुतीचं देऊळ सुचवलं. शनिवारी देवळाबाहेरून पादत्राण चोरीला गेलं की माणसाची पीडा जाते म्हणतात. पीडा गेलेली हवीच होती असं नाही, पण चोर निदान बूट वापरतो. मालन पिशवीतून बूट घेऊन गेली, पायरीशी जोडीनं ठेवले आणि मागे न बघता घरी आली.

पुढच्या शनिवारी बूट तिथंच होते. नाड्या सुटलेल्या होत्या. म्हणजे चोर आला होता, त्यानं घालून बघितले होते, आणि मोठे होतात म्हणून प्रामाणिकपणे परत ठेवले होते. मुलुंडच्या चोरांचे पाय लहान असतात ही माहिती मालनला त्या वयात नवीन होती. बूट पुन्हा पिशवीत घालताना तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

शेवटी स्टेशनजवळचा चांभार धोंडिराम. त्यानं कौतुकही केलं नाही आणि नाकही मुरडलं नाही. अख्खा बूट कुणाला बसणार नाही, पण सुटा केला तर सगळा लागतो, असं त्याचं म्हणणं पडलं. चामडं ठिगळांना, तळ टाचांना, नाड्या तर कुणालाही. मालनला ते आवडलं. तिनं बूट दिले, आणि त्या रात्री दाराशी रिकामी जागा दिसू नये म्हणून तिथं तुळशीची कुंडी आणून ठेवली.

पंधरवडा झाला असेल. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती आणि जिन्यात आवाज आला. टक, टक्चिक.

मालननं आधण ठेवलं. ठेवून झाल्यावर मग तिला आपण काय केलं ते कळलं. हातात साखरेचा डबा घेऊन ती उभी राहिली. आवाज पहिल्या मजल्यावर आला, थांबला, एक दार उघडलं, आणि वनमालाबाईंचा आवाज आला की काय हे, घोडा आलाय की नवरा.

म्हणजे चिटणीस. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर चिटणीस, ज्यांना लोक आडनावासकट बिनविरोध निवडून देत असत. बिल्डिंगमधला एकमेव रंगीत टीव्ही त्यांच्याकडे होता आणि चालण्यात तेवढा रुबाब कमी पडत होता. म्हणून त्यांनी धोंडिरामकडून दशरथांच्याच बुटांची नाल मारून घेतली होती. वाकडीसुद्धा तशीच.

रोज संध्याकाळी आता दशरथ घरी येत होते आणि दोन मजले अलीकडेच थांबत होते. मालनला बाकी काही नको होतं. तो आवाज एकदा वर, तिच्या दारापर्यंत यायला हवा होता, इतकंच. पण परपुरुषाला जिना चढायला सांगायचं कसं?

तिनं तक्रारी सुरू केल्या. आधी जिन्यातला दिवा गेला, आणि तो जावा म्हणून तिनं बल्ब स्वतः काढून ठेवला होता. चिटणीस वर आले. पण ते दुपारचे आले आणि चपला घालून आले. मग तिनं संध्याकाळची वेळ साधायला सुरुवात केली. ते बिल्डिंगमध्ये शिरले की ती कठड्यावरून हाक मारायची. टाकी गळते. कबुतरं फार झालीत. भिंतीला तडा गेलाय. तडा खरा होता आणि त्याचा आकार रत्नागिरी जिल्ह्यासारखा होता. खालच्या अंगाला सिंधुदुर्ग वेगळा व्हायला लागला होता. चिटणीस वर यायचे, पण बोलत, धापा टाकत, मागे वॉचमनला सूचना देत. त्या गलक्यात आवाज नीट ऐकू यायचाच नाही. त्या दिवाळीपर्यंत त्यांची बिल्डिंग मुलुंडमधली सगळ्यात धडधाकट बिल्डिंग झाली, आणि परबवहिनींना कशानंच समाधान नाही अशी ख्याती झाली. वनमालाबाईंनी ख्यातीच्या जागी दुसरा शब्द वापरला होता.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मालननं हाक मारली नव्हती, तरी चिटणीस आपण होऊन वर आले. पण आवाज ऐकायच्या वेळी मालन नेमकी गच्चीवर होती, वाळवण काढत. ती खाली आली तर ते दाराशी उभे.

“परबवहिनी, काही तक्रार?”

“नाही.”

ते जरा खट्टू झाले. मग त्यांनी सांगितलं की वनमालाचं या टकटकीनं डोकं दुखतं, तिनं कॅनव्हासचे बूट आणलेत, उद्यापासून ते घालायचे. आणि हे जुने टाकवत नाहीत. “तुम्हाला यातला अनुभव आहे म्हणे. नीट कसे टाकतात हो?”

मालननं त्यांच्या पायांकडे पाहिलं. सात नंबर असावेत.

“सांगते,” ती म्हणाली. “आधी एकदा खाली जा आणि परत वर या.”

“कशाला?”

“आवाज ऐकायचाय. बोलू नका मधे.”

जिन्याच्या मजबुतीची काहीतरी तपासणी असावी असं समजून सेक्रेटरी खाली गेले. जबाबदारीची कामं ते कधी टाळत नसत. मालननं दार लावून घेतलं. आधण ठेवलं. साखरेचा डबा जवळ ओढला.

टक, टक्चिक. तळ. पहिला मजला, आणि आज तिथं दार उघडलं नाही. टक, टक्चिक, वर, आणखी वर, अगदी तोच, डोळे मिटले तर कारखान्याच्या तेलाचा वासही यावा असा. मालननं चमचा भरून हातात धरला. दुसऱ्या मजल्याचं वळण आलं.

आवाज थांबला नाही. टक, टक्चिक, टक, टक्चिक, सरळ चढत आला. चिटणीसांना तंबाखूचं व्यसन नव्हतं, लपवायला काही नव्हतं. ते थांबणं नालेत नव्हतंच. ते धोंडिरामला देताच आलं नसतं.

चमचा तसाच राहिला. दारावर टकटक झाली तेव्हा पाणी उकळत होतं आणि साखर चमच्यातच होती. मालननं पदरानं डोळे पुसून दार उघडलं. जिना ठीक आहे ना, असं चिटणीसांनी दम खात विचारलं.

“ठीक आहे. धोंडिरामला द्या बूट. नाल चांगली आहे अजून, कुणालाही लावू दे म्हणावं.”

त्यांनी मान डोलावली. जावं की थांबावं ते त्यांना कळेना, आणि आत चहाचं पाणी तर उकळत होतं.

“बसा,” मालन म्हणाली, आणि मग गॅसपाशी जाऊन तिनं पातेल्यात चहाची पत्ती टाकली. पुढचं वाक्य तिनं या घरात कधी उच्चारलं नव्हतं.

“साखर किती घालू?”