मागचा कोपरा

"बंद कर, बंद कर," मी म्हणाले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

सुनेने लाल बटण दाबले. मशीन थांबले. फळीवरची वेल पुढच्या कडेने सुरेख चालत आली होती आणि मागच्या कोपऱ्याशी एकदम बोटभर सरकली होती. पानाच्या मधोमध खोल चर पडला होता.

"गेली," सून म्हणाली. "आई, आता एकच उरली."

फळ्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या होत्या. त्यांच्या आईचे जुने कपाट मोडले, त्यातून तीन फळ्या धड निघाल्या. नर्सबाईंची लेक बाळंत झाली होती. ती उद्या दवाखान्यातून घरी येणार होती आणि बाळासाठी नर्सबाईंना त्याच लाकडाचा पाळणा हवा होता. सांगाडा त्यांच्या घरी तयार होता. दोन बाजूंना दोन फळ्या, दोन्हींवर एकच वेल. तिसरी फळी त्यांनी जादा म्हणून दिली होती. पहिली ह्यांनी मशीनवर मागेच कोरून ठेवली आणि त्याच आठवड्यात ह्यांचे उजवे अंग गेले, वाचा गेली. आज पाचला नर्सबाई दोन्ही फळ्या न्यायला येणार होत्या. घड्याळात अकरा वाजले होते.

ह्यांनी जन्मभर पटाशीने नक्षी कोरली. नजर आणि बोटे थकली तेव्हा मुलाने हे मशीन आणून बाहेरच्या खोलीत बसवले. चित्र कॉम्प्युटरवर सून काढते, मशीन ते लाकडावर कोरते. मशीन चालू असेपर्यंत हे शेजारी स्टूल घेऊन बसून राहायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. मुलगा थट्टा करायचा, "बाबा गाय राखतायत."

ह्या दुखण्यानंतर मशीनवर पुढच्या भागात मावणारी लहानसहान कामेच झाली होती. तरी ते सुरू झाले की पलीकडच्या खोलीत खाटेवर ह्यांचा डावा हात वर व्हायचा. मी पाण्याचा पेला घेऊन धावायचे. हे तोंड फिरवायचे. आजही तसेच झाले होते.

सून जमिनीवर बसून एकेक स्क्रू पिळत होती. सगळे घट्ट होते. भुसा ओढणारा पंखा बंद करून पाहिला. फाईल पुन्हा चढवली. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप मागून आणला. मग प्लायच्या तुकड्यावर एक फूल कोरून बघितले. फूल इतके नेटके आले की मला राग आला.

"नाटकी आहे मेलं," मी म्हणाले.

मुलाला फोन लावला. तो कामावर होता.

"ती शेवटची फळी लावू नका," तो म्हणाला. "नर्सबाईंना सांगा, नाही जमलं. आणि त्या मशीनला गिऱ्हाईक बघतो मी. बाबांशिवाय ते आता कोण सांभाळणार?"

"तुम्हाला फोनवरून सांगायला काय जातंय," सून म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती घामाने भिजली होती. शेवटची फळी भिंतीला टेकून उभी होती. दोघींनी तिच्याकडे बघायचे टाळले.

मी प्लायचे फूल हातात घेतले. "हे तू पुढे कोरलंस. मागच्या कोपऱ्यात मशीन गेलंच कुठे?"

"म्हणजे?"

"कडी बसते का बघायचं तर दार पुरतं लावून बघावं लागतं बाई."

तिने प्लायचे फूल माझ्या हातातून घेतले. मग तिने मशीनखालचे सगळे काढून घेतले, कोरणारे बिट चार बोटे वर उचलले आणि पुरी वेल हवेतल्या हवेत चालवायला लावली. कोरायला काही नव्हते, बिघडायलाही काही नव्हते. आम्ही बिट धरणाऱ्या दांडीवर नजर लावून उभ्या राहिलो. पुढची कड झाली. मधले झाले. मशीन मागच्या कोपऱ्याकडे निघाले आणि तिथे मोटर नुसती गुरगुरली. दांडी जागची हलली नाही.

"सापडलं," सून म्हणाली. "पण इथेच का?"

पलीकडे खाट करकरली. मी सवयीने पेला उचलला आणि आत गेले. ह्यांचा हात वर होता. पेला ओठांना लावला, ओठ मिटले. हात मात्र खाली आला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्या हाताकडे नीट बघितले. मूठ काहीतरी धरल्यासारखी वळलेली होती. कोपर बरगडीला टेकलेले. स्टुलावर असेच बसायचे हे. मशीनच्या मागून येणारी वायर मुठीत धरून, वर उचलून. म्हणून तर मुलगा गाय म्हणायचा. दोरी धरायचे ना.

मी पेला तिथेच ठेवला. बाहेर येऊन वायर मुठीत धरली आणि वर उचलली. मोटरचा आवाज बदलला, दांडी सरकली. हात खाली घेतला, पुन्हा गुरगुर. वर केला, चालली.

सुनेने वायर बोटांनी चाचपली. "आतून तुटलीय. दांडी मागे गेली की ताण बसतो आणि तुटकी टोकं सुटतात. बाबांना माहीत होतं?"

मी भिंतीतला खालचा खण ओढला. ह्यांची हत्यारे तिथेच असायची. पटाश्यांच्या मागे नव्या वायरचे भेंडोळे होते, पाकीट न फोडलेले. त्यावर पेन्सिलीने काही लिहिले होते. मी लिहायला-वाचायला साठीनंतर शिकले, पण ह्यांचे अक्षर मला अडत नाही. 'मागच्या कोपऱ्याची.' खाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची.

"माहीत होतं तर बदलली का नाही?" सून म्हणाली. "रोज तासन् तास हात वर धरून बसायचे?"

"चित्र तू काढायचीस. कोरायचं ते मशीन कोरायचं," मी मशीनकडे बोट केले. "त्यांच्याकडे काय उरलं होतं?"

सुनेने घड्याळाकडे बघितले.

वायर बदलायला अर्धा दिवस लागला असता. अडीच वाजत आले होते, वेल कोरायला दोन तास.

"मी धरते," मी म्हणाले.

"आई, हात दुखेल. मध्येच खाली आला तर..."

"फळी लाव तू."

तिने फळी ठेवली, चारी बाजूंनी आवळली, दोनदा तपासली. मी स्टुलावर बसले, कोपर बरगडीला टेकवले आणि वायर उचलली.

पहिली अर्धी घटका काही वाटले नाही. मग खांदा बोलू लागला. मग बोटे बधिर झाली. मशीन पुढे गेले की हात जरा सैल सोडावा वाटे, पण ते वळून मागे कधी येईल याचा मला भरवसा नव्हता. सून लाल बटणावर बोट ठेवून उभी होती. पहिल्यांदा दांडी मागच्या कोपऱ्यात आली तेव्हा मी डोळे मिटले. गुरगुर झाली नाही. अशी ती किती वेळा आली आणि गेली. आतल्या खोलीत काय चालले होते ते मला वळून बघता येत नव्हते.

पावणेपाचला मशीन थांबले. सुनेने भुसा फुंकला. वेल अखंड होती.

नर्सबाईंनी दोन्ही फळ्या शेजारी शेजारी धरल्या, अंगठा पानांवरून फिरवला. "ह्यातली त्यांनी केलेली कुठली?" त्यांनी विचारले. सुनेने दाखवली. मला स्वतःहून सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी मी ते भेंडोळे ह्यांच्यापुढे धरले. "बदलू का?"

हे बराच वेळ पाकिटावरच्या आपल्या अक्षराकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून उघडले. हो म्हणायची त्यांची तीच खूण होती.

दुपारपर्यंत सुनेने नवी वायर घातली. मशीन चारी कोपरे फिरले, कुठे अडले नाही. मुलाला तसा फोन केला. गिऱ्हाईक बघू नकोस म्हणून सांगितले. स्टूल मी खाटेशी नेऊन ठेवले आणि त्यावर बसले.

बाहेर मशीन चालू होते. आवाजावरून मलाही आता कळत होते, पुढे आहे, मध्ये आहे. ते मागे जाऊ लागले तसा ह्यांचा हात अंथरुणावरून उचलला गेला. मूठ वळली. दांडी मागच्या कोपऱ्यातून सुखरूप परत फिरेपर्यंत हात तसाच राहिला, मग हळूच खाली आला.

पेला हाताशीच होता. मी तो उचलला नाही.