मुकुंदवाडीतलं खीरदान

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी संडासाची कडी वाजली. गोजरबाई जागीच होती. साडेपाचला पुन्हा वाजली, सहाला पुन्हा. प्रत्येक वेळी ती भिंतीकडं तोंड करून निजल्याचं सोंग करत राहिली. कडीपाठोपाठ बादलीचा आवाज यायचा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळं तिची लेक विशाखा ड्रममधलं पाणी निम्मी निम्मी बादली करून वापरायची. आजारानं पोरीला काय शिकवलं तर पाण्याची काटकसर!

गोजरबाई बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातली. भुताखेतांवर, अंगाऱ्या-धुपाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. असता तर बरं झालं असतं, लिंबू उतरवून मोकळी झाली असती. तिच्या मागं लागलेलं लिंबानं उतरणारं नव्हतं. दोन वर्षं झाली, ती जाईल तिथं ते सोबत यायचं. शाळेत पोषण आहाराची खिचडी ढवळताना शेजारच्या वर्गाच्या दाराची कडी वाजली तरी तिचा हात थांबायचा. वाढण्याआधी चव बघायची, असा तिथला नियम. ती चमचा तोंडात घालायची आणि ताज्या खिचडीतही तिला आंबट वास यायचा.

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या विहारात खीरदान होतं. दरसाल एका घराला मान, त्या साली पहिल्यांदाच गोजरबाईच्या घराला मिळालेला. बाई हरखून गेली. चाळीस लिटर दूध आणलं. सकाळी वंदना झाली की लगेच वाटप, म्हणून तिनं आदल्या संध्याकाळीच खीर शिजवली आणि मांजर तोंड घालेल म्हणून गरमागरम पातेलं झाकून बंद खोलीत ठेवलं. मे महिना. शाळेत शिळं अन्न तिनं कधी पोरांच्या ताटात पडू दिलं नव्हतं. पण मान मिळाला की माणसाची अक्कल जरा बाजूला बसते.

सकाळी झाकण काढलं आणि तिनं बोटावर खीर घेतली. उतरली होती. फार नाही, कडेनं जराशी आंबूस. बाहेर रांग लागलेली, भोंग्यावरून तिच्या नवऱ्याचं, राजेंद्रचं नाव पुकारत होते. गोजरबाईनं दोन किलो साखर आणि मूठभर वेलदोडा ओतला आणि डाव हातात घेतला.

संध्याकाळपर्यंत साठ माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. जंतूंचा संसर्ग म्हणून सलाईन लागली. आठवड्यात सगळी आपापल्या कामाला लागली. लोकांनी पाण्याला दोष दिला, आणि गोजरबाईनं ‘व्हय, पाणीच असंल’ म्हणून मान डोलावली.

विशाखा तेवढी बरी झाली नाही. ताप गेला, पोट राहिलं. खाल्लं की मुरडा, बाहेर पडायचं म्हटलं की कळ. चार दिवस धावपळ, मग चार दिवस नुसतं फुगून कोंडल्यासारखं. तपासण्या सगळ्या चांगल्या. गेल्या वर्षी भरतीचा पेपर चाळीस प्रश्न बाकी असताना सोडून ती पोट धरून घरी आली. आता पुन्हा रविवारी पेपर होता. पोरीनं गुरुवारपासूनच जेवण बंद केलं. रिकाम्या पोटी परीक्षा द्यायची म्हणे! शनिवारी सकाळी तिला उभ्या उभ्या चक्कर आली, तेव्हा गोजरबाईनं तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

“जंतू केव्हाच गेले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आतडं अजून घाबरलेलं आहे. साधा घास आला तरी दचकतं. हे खरं दुखणं आहे, तुझं नाटक नाही. पण उपाशी राहून ते वाढतं, आणि मनावर ओझं असलं तरी वाढतं. आहे का काही ओझं?”

विशाखा चपलांकडं बघत राहिली. गोजरबाईला वाटलं, माझं ओझं लेकीच्या पोटात दुखतंय.

घरी आल्यावर तिनं मऊभात केला, वर चमचाभर तूप घातलं. विशाखानं ताट बाजूला सारलं.

“खा ना बाई दोन घास. उद्या तिथं पडलीस तर?”

“नको आई. खाल्लं की जावं लागतं.”

गोजरबाई तिच्यासमोर खाली बसली. तिला भीती वाटत होती. हे ऐकून पोर पुन्हा आई म्हणंल का?

“विशे, पाण्याचं नव्हतं ते. खीरच उतरली होती. म्या चाखली होती. समजूनउमजून वाटली, लोक हसतील म्हणून. साखर टाकून वाटली.”

विशाखा ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

“शिव्या दे, पर बोल काही तरी.”

“मला माहीत होतं.”

“कवापासून?”

“त्याच दिवसापासून. घशाखाली उतरतानाच कळलं.”

“मग दोन वर्षं बोलली का नाय गं?”

“तू आधी बोलशील म्हणून थांबले होते,” विशाखा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “मी तेव्हा दोन द्रोण प्याले, आई. का प्याले, कधी विचारलं नाहीस.”

“लई आवडली म्हणून, असं वाटलं मला.”

“रांगेतल्या चंपामावशीनं द्रोण नाकाशी नेला होता. तुला म्हणाली, गोजरे, आधी तू घे की. तू म्हणालीस, मागून घेते. सगळ्या बाया तुझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग मी पुढं झाले. एक द्रोण माझा प्याले, आणि एक तुझ्या वाटचा.”

विशाखानं ताट जवळ ओढलं आणि भाताचा एक लहान घास घेतला.